रानातले लाकूड मांगराला लागावे

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि काही तासांत श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंतच्या बागा आडव्या झाल्या. माड-पोफळी गेल्याच, पण दोन-दोन पिढ्यांनी जोपासलेले आंबे आणि फणसही मुळासकट उपटले गेले. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळाने दक्षिण कोकणाला झोडपले. त्या पडझडीतली नुकसानभरपाई, पंचनामे, पुनर्लागवड यांवर बरेच बोलले गेले. आडव्या पडलेल्या लाकडाबद्दल मात्र कुणी फारसे बोलले नाही. बरेचसे लाकूड जळणाच्या भावाने गेले, काही जागीच कुजले, आणि वाट मोकळी करायची म्हणून ते उचलून नेण्याचे पैसे मोजायचीही वेळ अनेकांवर आली. त्याच वाड्यांमध्ये गोठ्यांचे पत्रे उडाले होते. नवे गोठे उभे राहिले ते घाटावरून आलेल्या लोखंडी पाइपांचे. दारात लाकूड पडलेले आणि गोठ्यासाठी लोखंड विकत, ही स्थिती आपल्या अंगवळणी पडली आहे. ती बदलण्याजोगी आहे, आणि कशी बदलता येईल हे नीट समजून घ्यायला हवे.

घरापासून थोडा दूर, बागेच्या किंवा शेताच्या कडेला पेंढा, औते, खताच्या गोणी, नारळ, लाकूडफाटा ठेवण्यासाठी आणि जोडीला गुरे बांधण्यासाठी उभारलेली साधी इमारत म्हणजे दक्षिण कोकणातला मांगर. तो बांधण्याची पूर्वीची रीत सरळ होती. आधी लाकडाचा सांगाडा उभा करायचा, त्यावर छप्पर चढवायचे आणि मग जमेल तशा भिंती घालायच्या. त्या कुडाच्या असत किंवा मातीच्या, ऐपत असेल तर चिऱ्याच्या. कित्येक मांगरांना दोन बाजूंनी भिंतच नसे. छपराचा सगळा भार लाकडी खांबांवर असल्यामुळे भिंत पडली तरी इमारत उभी राही. लाकूड स्वतःच्या कातळा-डोंगरावरचे, सुतार गावातला, आणि ओंडके फाळायला येणारी करवतवाली जोडी शेजारच्या गावातली. एक जण वर उभा राहून आणि दुसरा खाली राहून ती लांब करवत ओढत असे.

ही रीत मोडली त्याला कारणे आहेत आणि ती खोटी नाहीत. करवत ओढणारे हात उरले नाहीत. कसबी सुतार मुंबई-पुण्याच्या फर्निचरकडे वळले, आणि तिथे प्लायवूड कापायचे काम असल्याने सांधे कोरायची सवय गेली. वाळवीची भीती वाढली. पत्रा स्वस्त झाला, लोखंडाचा सांगाडा वेल्डिंगवाला दोन दिवसांत उभा करून देऊ लागला. ज्याच्याकडे वेळ नाही, झाडे नाहीत, त्याने लोखंडाचाच गोठा बांधावा. त्यात चूक काही नाही. प्रश्न आहे तो ज्याच्याकडे झाडे आहेत त्याचा. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात सरकारी जंगल फार थोडे आहे, बहुतेक झाडे खासगी मालकीच्या जमिनीवर उभी आहेत. अख्खा डोंगर ठोक्याने व्यापाऱ्याला देण्याची पद्धत तिथे रुळलेली आहे. ऐन, किंजळ यांसारख्या इमारती लाकडाचे तुकडे होऊन ते जळणाच्या ट्रकमधून घाट चढते. झाड वाढायला चाळीस वर्षे लागलेली असतात आणि त्याची किंमत ठरते ती भट्टीत ते किती तास जळेल यावर.

यातला पहिला अडसर वजनाचा आहे. बारा फूट लांब आणि दीड फूट व्यासाचा एक ओंडका घ्या. त्याचे घनफळ सुमारे एकवीस घनफूट भरते आणि ओला असताना त्याचे वजन सहाशे किलोच्या आसपास जाते. असा ओंडका उतारावरून रस्त्यापर्यंत आणायचा, टेम्पोत चढवायचा, तालुक्याच्या वखारीत न्यायचा आणि कापून परत आणायचा, यातच लाकडाची निम्मी किंमत खर्ची पडते. विकायचा म्हटला तर दुसरा हिशोब आडवा येतो. वखारीत ओंडक्याची मोजणी घेराच्या चौथाईने होते, म्हणजे घेर भागिले चार, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. या रीतीने वरच्या ओंडक्याचे माप साडेसोळा-पावणेसतरा घनफूटच येते. गोल ओंडका चौकोनी करताना जी छाट निघते तिच्यासाठी ही सूट मुळात ठेवलेली आहे. पण ती छाटही लाकूडच असते, आणि शेतकऱ्याला तिचे काहीच मिळत नाही. झाड जिथे पडले तिथेच ते कापता आले तर दोन्ही प्रश्न सुटतात. सहाशे किलोचा ओंडका हलत नाही, पण त्यातून निघालेली तुळई चार माणसे खांद्यावरून नेऊ शकतात, आणि छाट मालकाच्या कुंपणाला, चुलीला, माच्याला लागते.

जागेवर कापण्याची साधने आता आपल्याकडे आहेत. चेनसॉ कोकणातल्या वाडीवाडीत पोहोचलेली आहे. लाकूड सरळ उभे फाळण्यासाठी तिला एक चौकट जोडावी लागते. त्या चौकटीच्या आधाराने करवत ओंडक्यावर बसवलेल्या शिडीवरून किंवा सरळ फळीवरून सरकत जाते, आणि साखळीचे दातही उभ्या रेषेत कापण्यासाठी वेगळ्या कोनात घासावे लागतात. दुसरे साधन म्हणजे रुळावर सरकणारी, हलवता येण्याजोगी पट्टा-करवत. दोहोंतला फरक भुशात दिसतो. चेनसॉचा काप आठ ते दहा मिलिमीटर जाडीचा, तर पट्ट्याचा दोन-तीन मिलिमीटरचा असतो. चेनसॉने इंचाच्या फळ्या पाडल्या तर जवळपास चौथा हिस्सा लाकूड भुसा होऊन जाते. सहा इंचांचा खांब काढताना मात्र हे नुकसान नगण्य ठरते. म्हणून सांगाड्याचे जाड लाकूड जागेवर चेनसॉने आणि फळ्या हव्यात तर पट्ट्यावर, ही वाटणी शहाणपणाची. लाकडी सांगाड्याच्या इमारतीला फळ्या कमी आणि जाड लाकूड जास्त लागते, त्यामुळे स्वतः कापलेल्या लाकडाशी तिचे मुळातच जमते.

किती लाकूड लागते, याचा अंदाज आला म्हणजे गोष्ट आवाक्यातली वाटते. रोजगार हमीतून गोठ्यांसाठी २०२१ मध्ये जो आराखडा राज्यात लागू झाला, त्यात सहा जनावरांच्या गोठ्याचे माप ७.७ मीटर लांब आणि ३.५ मीटर रुंद असे दिलेले आहे. याच मापाचा तीन खणांचा मांगर धरू. त्याला सहा बाय सहा इंची आठ खांब लागतील, समोरासमोरच्या खांबांना जोडणाऱ्या पाच बाय आठ इंची चार तुळया, लांबीच्या बाजूने खांबांच्या डोक्यावरून जाणारी दोन पाच इंची चौरस लाकडे, मध्यावर आढे, त्याला उचलून धरणारे तुळईवरचे चार ठोकळे, दोन्ही पाख्यांना मिळून अठ्ठावीस वासे आणि कोपऱ्यांतले तिरपे दांडे. हे सगळे कापीव लाकूड पासष्ट ते सत्तर घनफूट होते. ओंडक्यातून साधारण निम्मे लाकूड कामाचे निघते असे मानले तर वर सांगितलेल्या मापाचे सहा-सात ओंडके पुरतात, म्हणजे दोन-तीन मोठी झाडे. रिपा पोफळीच्या चिरलेल्या खोडाच्या करता येतात. हा ढोबळ हिशोब आहे. प्रत्यक्ष मापे लाकडाची जात, छपराचे वजन आणि तिथला वारा बघून जाणत्याकडून तपासून घ्यावीत.

यात तुळई उभी ठेवायची की आडवी, ही किरकोळ वाटणारी बाब फार महत्त्वाची आहे. लाकडाचा ताठपणा रुंदीच्या पटीत वाढतो, पण उंचीच्या घनाच्या पटीत वाढतो. पाच बाय आठची तुळई आठ इंचांची बाजू उभी धरून बसवली तर ती आडवी बसवलेल्या त्याच तुळईपेक्षा अडीचपट कमी वाकते. लाकूड तेवढेच, खर्च तेवढाच. जुन्या सुतारांनी हे सूत्र कागदावर मांडले नव्हते, पण त्यांच्या तुळया पाहिल्या की त्यांना ते माहीत होते हे कळते.

कुठले झाड कुठे वापरायचे याचेही ठोकताळे आहेत. फणसाचा पिवळा गाभा काळाबरोबर तपकिरी होतो, वाळवी त्याला सहसा लागत नाही, म्हणून तो खांबांना आणि तुळयांना उत्तम. ऐन आणि किंजळ जड आणि भक्कम, वजन पेलायला चांगले, पण सुकताना ऐनाला भेगा पडतात, त्यामुळे त्याच्या फळ्या काढण्यापेक्षा त्याचे जाड नग ठेवावेत. शिवण हलके आणि फारसे न वाकणारे, दारे-खिडक्यांना योग्य. माडाच्या जुन्या खोडाचा बाहेरचा भाग कठीण आणि आतला भुसभुशीत, तेव्हा त्याचे वासे काढताना बाहेरचाच भाग घ्यावा. आंब्याचे लाकूड मुबलक मिळते, पण त्याला कीड लवकर लागते. ते खांबाला लावू नये, आतल्या माच्याला किंवा तात्पुरत्या कामाला लावावे. सागाची गोष्ट सर्वांना माहीत आहे, पण चांगला साग मांगरात घालण्यापेक्षा विकून त्या पैशात बाकीचे काम करणे व्यवहाराचे ठरेल. फळ देणारे झाड तर मांगरासाठी तोडूच नये. वादळाने पाडलेले, वठत आलेले, दाटीतून काढावे लागणारे झाड आधी पाहावे. कोणत्याही जातीत टिकतो तो गाभा. सालीलगतचे फिकट लाकूड वाळवी आणि भुंगा दोघांनाही प्रिय असते, ते शक्य तितके छाटून टाकावे.

ओंडक्यावर पहिला काप कुठे घ्यायचा हे ठरवायला घाई करू नये. तो दोन ओंडक्यांवर आडवा ठेवून सगळीकडून फिरवून पाहावा. बाक कुठल्या बाजूला आहे, गाठी कुठे आहेत, सालीच्या रेषा पिळलेल्या दिसतात का, हे आधी बघावे. पिळाच्या रेषांचे झाड सुकताना स्वतःही पिळते, त्याचे लांब नग काढण्यात अर्थ नसतो. मग दोन्ही तोंडांवर ओळंब्याने उभी रेघ मारायची, गुण्याने तिला काटकोनात दुसरी, आणि खोडाचा मध्य नगाच्या बरोबर मधोमध येईल असा चौकोन आखायचा. मध्य एका कडेला गेला तर एक बाजू जास्त आकसते आणि नग धनुष्यासारखा वाकतो. मध्य आत बंदिस्त राहिला तर वरून भेगा पडतात, पण लाकूड सरळ राहते. अशा भेगा पाहून नवखा माणूस घाबरतो. त्या तुळईच्या लांबीला समांतर असतील आणि सांध्यातून आरपार जात नसतील तर बहुतेक वेळा त्यांची काळजी नसते.

इथेच सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न येतो: लाकूड आधी सुकवायचे की ओलेच वापरायचे? लाकडातला ओलावा साधारण तीस टक्क्यांवर येईपर्यंत लाकडाचा आकार बदलत नाही. त्याखाली गेले की ते आकसू लागते. लांबीत ते जवळजवळ आकसतच नाही. खोडाच्या वर्तुळाला धरून ते जितके आकसते, त्याच्या सुमारे निम्मे मध्यापासून सालीकडच्या दिशेने आकसते. या फरकामुळेच लाकडाला भेगा पडतात आणि फळ्या वाटीसारख्या होतात. फळ्या, दारे, चौकटी यांना म्हणूनच सुकलेले लाकूड हवे; आपल्याकडे भारतीय मानक २८७ देशाचे हवामानानुसार विभाग पाडून कोणत्या कामाला किती ओलाव्याचे लाकूड चालेल ते सांगते. सहा-आठ इंची जाड नग मात्र आतपर्यंत सुकायला कित्येक वर्षे घेतो. तेवढे थांबले तर इमारत होतच नाही, आणि ऐनासारखे लाकूड सुकल्यावर पटाशीला दादही देत नाही. म्हणून जगभरच्या सुतारांनी सांगाडा ओल्या लाकडाचा करायचा आणि सांधे असे बसवायचे की आकसताना ते अधिक घट्ट व्हावेत, ही रीत स्वीकारली. पॅरिसचे नोत्र दाम १५ एप्रिल २०१९ च्या आगीत जळाले आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडले. त्याच्या छपराचा लाकडी सांगाडा ओल्या ओकचाच आहे आणि सुतारांनी त्यातल्या तुळया कुऱ्हाडीने तासून काढल्या. आधुनिक अभियंत्यांनी तपासून, हिशोब करून ही जुनी रीत कायम ठेवली. फ्रान्समधल्या लाकूड आखण्याच्या या परंपरेला युनेस्कोने २००९ मध्येच मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिले होते.

आपल्या हवेत ओले लाकूड वापरताना एक पथ्य पाळावे लागते. पावसाळा सरला की लाकूड कापायला घ्यावे, साल लगेच सोलावी, टोकांना जुना रंग किंवा मेण फासावे म्हणजे टोके झपाट्याने सुकून फुटत नाहीत. नग जमिनीपासून फूटभर उंचीवर, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून, वारा खेळेल पण ऊन थेट लागणार नाही असे रचावेत. दिवाळीनंतर कापलेले लाकूड माघ-फाल्गुनात सांधायला घेतले आणि वैशाखात छप्पर चढवले, तर पहिल्या पावसात लाकूड छपराखाली असते. जुन्या कामांचे वेळापत्रक असेच होते, आणि त्यामागे अनुभव होता.

सांगाड्याचा जीव सांध्यात असतो. एका लाकडात चौकोनी भोक पाडायचे आणि दुसऱ्याच्या टोकाला त्यात नेमके बसणारे कुसू कोरायचे, ही मूळ जोडणी. मग दोन्हींतून आरपार छिद्र पाडून लाकडी खुंटी ठोकायची. यातली खुबी त्या छिद्रात आहे. भोकाच्या लाकडात छिद्र पाडून झाले की कुसू आत बसवून त्यावर छिद्राची खूण करायची, कुसू बाहेर काढायचे आणि त्याचे छिद्र खुणेवर न पाडता दोन-तीन मिलिमीटर खांद्याच्या बाजूला सरकवून पाडायचे. कुसू पुन्हा आत घालून निमुळती, सुकलेली खुंटी ठोकली की ती त्या वाकड्या वाटेने जाताना दोन्ही लाकडे एकमेकांकडे ओढून घेते. पुढे लाकूड आकसले तरी ही ओढ सुटत नाही. खिळा किंवा बोल्ट हे काम करत नाही. ओल्या लाकडात तो गंजतो आणि लाकूड आकसल्यावर सैल पडतो. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत लोखंडाचे काय होते ते पत्र्याच्या गोठ्यांचे मालक रोज पाहतात.

दुसरी बाब तिरप्या दांड्यांची. चौकोनी सांगाडा सांध्यांच्या जोरावर एका बाजूला झुकू शकतो, त्रिकोण झुकत नाही. खांब आणि तुळई यांच्यामध्ये पंचेचाळीस अंशात बसवलेला दांडा हेच काम करतो. खर्च वाचवायला हे दांडे गाळले जातात आणि पहिल्या मोठ्या वाऱ्यात ती चूक उघडी पडते. छपराच्या वजनाचाही विचार हवा. मंगलोरी कौलांचे छप्पर चौरस मीटरला चाळीस-पंचेचाळीस किलो भरते. आपल्या तीन खणी मांगरावर ते एकूण दोन टनांच्या घरात जाईल. हा भार लाकडाला पेलावा लागतो, पण तोच भार वाऱ्याला छप्पर सहजी उचलू देत नाही. पत्रा चौरस मीटरला जेमतेम पाच-सहा किलोचा, त्यामुळे पत्रा वापरायचा तर वासे आढ्याला, आढे तुळईला आणि तुळई खांबाला अशी वरून खालपर्यंत पक्की बांधणी हवीच. कौलांच्या छपरालाही ती असलेली बरी.

आणि पाया. लाकडी खांब मातीत पुरला की त्याचा नाश तिथूनच सुरू होतो. आपल्या पूर्वजांनी खांबाखाली तळखडा ठेवला तो यासाठी. जोत्यावर पाऊण-एक फूट उंच दगड, त्याच्या मध्यात खांब सरकू नये म्हणून बसवलेला गज किंवा खुंटी, आणि त्यावर खांब. वाळवीला चढायचे तर दगडावरून मातीची नळी करत उघड्यावर यावे लागते, आणि ती दिसली की मोडता येते. वळचण दोन फूट पुढे काढली तर पावसाचे सपकारे खांबापर्यंत पोहोचत नाहीत. काजूच्या टरफलांचे तेल लाकडाला फासण्याची कोकणातली रीत आजही उपयोगी आहे. मात्र ते तेल कातडी भाजते, हातमोज्यांशिवाय हात लावू नये. कोरडे पाय, मोठी टोपी आणि दरवर्षी एकदा नजर, इतके केले तर लाकडी मांगर दोन पिढ्या सहज टिकतो.

आता कायद्याकडे वळू, कारण शेतकरी अडतो तो बहुधा इथे. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत आंबा, फणस, साग, ऐन, किंजळ, खैर, जांभूळ, चिंच, मोह अशी झाडे आहेत. ती स्वतःच्या जमिनीवर असली तरी तोडण्याआधी परवानगी लागते. तोडलेले लाकूड हलवायचे तर वाहतूक पास लागतो. यंत्रावर ओंडके कापण्याचा व्यवसाय करायचा तर वन विभागाचा परवाना लागतो. या तिसऱ्या बंधनामागे इतिहास आहे. ईशान्येतली आणि इतरत्रची जंगले ओरबाडली जात असताना सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात १२ डिसेंबर १९९६ रोजी कठोर आदेश दिले, आणि ३० ऑक्टोबर २००२ च्या आदेशाने केंद्रीय अधिकारप्राप्त समितीच्या परवानगीशिवाय नव्या आरा गिरण्या उघडण्यास मनाई केली. २०१६ मध्ये केंद्राने लाकूड आधारित उद्योगांसाठी मार्गदर्शक सूचना काढून हा विषय राज्यस्तरीय समित्यांकडे दिला. हे निर्बंध जंगल वाचवण्यासाठी आले आणि त्यांची गरज होती, हे मान्य करूनच पुढे जायला हवे.

पण जंगल लुटणारा ठेकेदार आणि वादळात पडलेल्या फणसाचा खांब करणारा शेतकरी यांना एकाच तराजूत तोलून कुणाचे भले होत नाही. परिणाम उलटाच होतो. परवानगीचे खेटे आणि वाहतुकीची कटकट टाळण्यासाठी शेतकरी झाड ठोक्याने व्यापाऱ्याला देतो, कारण कागदपत्रे व्यापारी बघून घेतो. किंमत पडते, लाकूड जळणात जाते, आणि झाड राखण्यात काही लाभ नाही हा धडा गावाला मिळतो. जून २०२५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने शेतजमिनीवरील झाडांच्या तोडीसाठी आदर्श नियम राज्यांकडे पाठवले. त्यामुळे या विषयावर नव्याने विचार करायची संधी आली आहे. महाराष्ट्राने ती दवडू नये.

राज्याने करण्याजोग्या गोष्टी मोजक्या आहेत. वादळात पडलेल्या झाडांसाठी तलाठी आणि वनरक्षक यांचा संयुक्त पंचनामा ठराविक दिवसांत व्हावा आणि तोच मालकाला स्वतःच्या जमिनीवर लाकूड कापून वापरण्याचा परवाना मानला जावा. हलवता येणारी पट्टा-करवत तालुक्याच्या सहकारी संस्थेला किंवा शेतकरी उत्पादक कंपनीला वन विभागाच्या देखरेखीखाली, कापलेल्या प्रत्येक ओंडक्याच्या नोंदीसह चालवू द्यावी. अशी नोंद चोरट्या तोडीवर आळाही घालेल. गोठ्यांच्या सरकारी अनुदानात लाकडी सांगाड्याचा, अभियंत्याने तपासलेला एक नमुना आराखडा असावा, म्हणजे स्वतःचे लाकूड वापरणाऱ्याचे अनुदान अडणार नाही. आणि कोकणातल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये सुतारकामाच्या विद्यार्थ्यांकडून वर्षाला एक खरा सांगाडा उभारून घ्यावा. कुसू कोरता येणारे जुने सुतार अजून हयात आहेत, त्यांना तिथे मानाने बोलवावे.

याने झाडतोड वाढेल, ही शंका प्रामाणिक आहे. तिचे उत्तर कोकणातल्या आजच्या स्थितीत आहे. डोंगर आत्ताच बोडके होत आहेत, आणि तेही जळणाच्या भावाने. ज्या झाडाचा खांब होऊ शकतो हे मालकाला ठाऊक असते, ते झाड तो वेळेआधी विकत नाही. मांगराला लागतात ती दोन-तीन जुनी झाडे, डोंगर लागत नाही. शिवाय कोरड्या लाकडाच्या वजनाचा निम्मा भाग कार्बन असतो. वर हिशोबलेल्या मांगरात तो सहाशे किलोच्या आसपास साठून राहतो. तेच लाकूड जाळले तर तो त्याच हंगामात हवेत जातो. तोडलेल्या झाडाच्या जागी त्याच जातीची दोन-चार रोपे लावून ती जगवणे ही अट मात्र कायद्याआधी प्रत्येकाने स्वतःला घालून घ्यावी, कारण नातवाच्या मांगराचे लाकूड आजच लावावे लागते.

ज्यांच्या रानात झाडे आहेत त्यांना आमची विनंती आहे. या पावसाळ्यात एखादे झाड पडले तर त्याचे तुकडे पाडायची घाई करू नका. पंचनामा करून घ्या, लाकडाची जात ओळखा, जाणत्या सुताराला दाखवा, आणि त्यातून किती खांब, किती तुळया निघतात ते मोजा. चेनसॉ स्वतः हाती घ्यायची असेल तर आधी शिका, डोळे-कान-पाय झाकल्याशिवाय ती सुरू करू नका आणि एकट्याने काम करू नका. झेपत नसेल तर ते काम शिकलेल्याकडे द्या. लाकूड तुमचे आहे, जागा तुमची आहे, मांगराची गरजही तुमचीच आहे. ते लाकूड भट्टीत जाण्याआधी एकदा मांगराचा हिशोब मांडून पाहा.